वेलाला पडदा

देऊळगाव राजाच्या आमच्या घराला अंगण नाही. मुलानं प्लॉट घेतला तेव्हा होतं. मग एक खोली वाढली, मग जिना बाहेरून आला, मग पाण्याची टाकी आली, आणि सगळे आपापली जागा धरून बसल्यावर घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे एक पट्टी उरली. मी आडवी झोपले तर डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला टेकतील, एवढी तिची रुंदी. लांबीला मात्र घराएवढी. घरातले तिला ‘बाजूचा बोळ’ म्हणतात. मी तिला वावर म्हणते.

खरं वावर जानेफळला आहे. ते आता मक्त्यानं दिलं आहे. मालक, म्हणजे मुलाचे वडील, गेल्यावर मुलगा म्हणाला, तिथं एकटी काय करशील, चल. मी आले. आल्यावर कळलं की तिथं मी एकटी पुष्कळ काही करत होते आणि इथं तिघांत बसून काहीच करत नाही. स्वयंपाक सून करते, कपडे मशीन धुते, पाणी नळ देतो. मला टीव्हीसमोर बसवलं. टीव्हीतल्या बायका सकाळपासून दागिने घालून भांडतात आणि त्यांच्यातली एकही कधी भाजी निवडताना दिसत नाही. असल्या बायकांच्या घरात माझं काय काम?

म्हणून मी बोळात भाजी लावली. आडवी लावायला जागा नव्हती म्हणून उभी लावली. यात काही मोठी अक्कल लागत नाही. जानेफळला काकडी, कोहळं, दोडका हे सगळे जमिनीवर लोळतात. पाहिजे तिकडे पाय पसरतात, बांधाला डोकं टेकून झोपतात. इथं मी त्यांना उभं केलं. भरलेल्या एस.टी.त माणूस वरचा दांडा धरून उभा राहतोच ना? त्याला त्रास होतो, पण गावाला पोचतो.

घरात एक मोडकी बाज होती. तिची सुतळी सोडली आणि आडव्या काथ्या बांधून ती कंपाउंडच्या भिंतीला उभी टेकवली. ती कारल्याला दिली. बाथरूमच्या कामातला एक पाईप उरला होता. त्याला तापलेल्या सळईनं भोकं पाडली, आत माती भरली आणि तो भिंतीवर आडवा टांगला. त्यात मेथी आणि पालक. तेलाच्या पिप्यांत भेंडी, आणि ते पिपे फळ्यांवर, एकाच्या वर एक, दुकानात डबे ठेवतात तसे. कोहळ्याला, म्हणजे शहरातले लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला, गच्चीपर्यंत जायला केबलची जुनी वायर बांधून दिली. ती वायर निकामी होती हे मी आधी पाहून घेतलं होतं. सून म्हणते, निकामी नव्हती, तुम्ही कापल्यावर झाली. असो. टीव्ही तसाही फार चालत होता.

आषाढात एक दिवस दारात छोटा टेम्पो आला आणि त्यातून सिमेंटचे गट्टू उतरले, जमिनीवर फरशीसारखे बसवतात ते. लाल आणि राखाडी. मुलानं ते फाटकाजवळ रचून घेतले आणि हात झटकत मला म्हणाला, “आई, आता बोळात गट्टू बसवून टाकतो. गाडी आत लावता येते. रस्त्यावर पोरं तिच्यावर घोडा-घोडा खेळून राह्यले.”

“अन् माहं वावर?”

“वावर जानेफळले आहे तुहं. हे बोळ आहे.”

“बोळात भाजी होते.”

“कुठी होऊन राह्यली? पेरल्यापासून पाहून राह्यलो, नुसती पानं. पानं त लिंबालेही येतात, त्याले कोणी भाजी म्हनत नाही.”

मी म्हटलं, “तूही चालाले लागला तवा वर्षावर झालं होतं. तुले फेकून देल्लं नव्हतं.”

सून आत हसली. तिचं हसू ऐकून त्याला राग आला, आणि रागात तो मालकासारखाच पैजेवर येतो. म्हणाला, “ठीक आहे. बाबाच्या पित्राले कारलं अन् कोहळं ह्याच भिंतीवरून निघालं, त गट्टू वापस. नाही निघालं, त दुसऱ्या दिवशी मिस्त्री.”

“हाव,” मी म्हटलं.

पित्राच्या ताटात कारलं लागतं आणि कोहळं लागतं. बाकी भाज्या इकडच्या तिकडे झाल्या तरी चालतात. मालकांचं पित्र दशमीला असतं. जिवंत होते तोवर त्यांनी कारल्याला हात लावला नाही. एकदा मी गूळ घालून, चिंच घालून, सगळं कडूपण मारून केलं, तर म्हणाले, एवढं कष्ट घेऊन कडू काढायचं तर मुळात लावतेस कशाला? आता दर वर्षी त्यांना कारलं वाढतो. तक्रार करत नाहीत.

श्रावण लागला आणि वेलांना फुलं आली. कोहळ्याची फुलं म्हणजे पिवळे कर्णेच. मग फुलांच्या बुडाशी बोराएवढी कोहळी दिसायला लागली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे पाहत उभी राहायची. मुलगा गाडी पुसता पुसता माझ्याकडे पाहायचा.

त्याच आठवड्यात माझी इहीन आली. सुनेची आई, देऊळघाटची. जालन्याला तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि औषधाचे थेंब संपेपर्यंत लेकीकडे राहायचं ठरलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, कांदा चिरायचा नाही, उन्हात काळा चष्मा लावायचा. म्हणजे बसून दुसऱ्याचं काम पाहणं एवढंच राहिलं, आणि त्यासाठी तिला बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून दिली. काळा चष्मा लावून ती तिथं दिवसभर बसायची, नाक्यावर पोलीस बसतो तशी. डोळ्यापुढचा चहाचा कप तिला सापडत नसे, पण गल्लीतून जाणाऱ्या कोणत्या बाईनं आमच्या वेलाकडे पाहून मान हलवली, ते बरोबर दिसे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बोराएवढी कोहळी पिवळी पडून गळायला लागली. कारल्याचंही तेच. सकाळी पाहावं तर खाली दोन-चार पडलेली. मी ती उचलून फाटकाबाहेर टाकायची, मुलानं पाहायच्या आधी.

इहीन म्हणाली, “इहीनबाई, तुमच्या वेलाले बोटं लागून राह्यली.”

हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोवळ्या काकडीला, कोहळ्याला बोट दाखवायचं नाही. दाखवलं की सडतं. दाखवायचंच असेल तर मूठ दाखवायची, नाहीतर बोट वाकडं करून दाखवायचं. चुकून सरळ बोट गेलं तर ते दाताखाली धरायचं. लहानपणी मी वावरात अशी किती वेळा बोटं चावली. माझा या गोष्टीवर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण मी बोट दाखवत नाही. मूठ दाखवायला पैसे पडत नाहीत.

इहिणीचं म्हणणं असं की जमिनीवरचं कोहळं पानाखाली दडलेलं असतं, ते कोणाला दिसत नाही. तुम्ही ते भिंतीवर टांगलं, दुकानात लुगडी टांगतात तसं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस म्हणतो, ते पाहा कोहळं. आणि म्हणताना बोट.

हे मात्र खरं होतं. शाळेतली पोरं दिवसातून दोनदा फाटकाशी उभी राहून मोजायची. दूधवाला दाखवायचा. पाहुण्यांना आमचा मुलगाच दाखवायचा, “हे आमच्या आईचं वावर,” आणि बोट सरळ, पैज जिंकायच्या घाईत असल्यासारखं.

“मंग काय करावं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

इहिणीनं पिशवीतून एक जुनं हिरवं लुगडं काढलं. सुनेला स्टुलावर चढवलं, आणि गच्चीच्या कठड्यापासून फाटकाच्या खांबापर्यंत ते लुगडं बांधून घेतलं. कोहळं आणि कारलं दोन्ही पडद्याआड गेलं. नव्या नवरीच्या डोक्यावरचा पदर बरा, असं दिसत होतं ते.

सून स्टुलावरून माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं मी काहीतरी बोलेन. पण इहिणीला नाही म्हणता येत नाही. म्हणजे म्हणता येतं, पण ते ‘नाही’ मग पुढच्या तीन लग्नांत निघतं. एवढंच म्हटलं, “उजेड कमी नाही पडनार वेलाले?”

“पातळ आहे लुगडं,” इहीन म्हणाली. “मी नेसत होती तवा सगळं दिसत होतं.”

मी कारल्याला पाणी घालायला गेले.

पडदा लागला आणि फळं आधीपेक्षा जास्त गळायला लागली. इहिणीनं चौकशी केली आणि निकाल दिला की लुगडं आखूड पडतं, खालून पोरं डोकावतात. दुसरं लुगडं आलं. जांभळं. आता आमचं घर गल्लीत ‘पडदेवालं घर’ झालं. एक बाई विचारून गेली की कोणी आजारी आहे का. मुलगा रोज कामावरून आला की लुगड्याची कड उचलून आत पाहायचा आणि म्हणायचा, “काय म्हनते मंडळी? बाहेर येत नाही का?” आणि मग गट्टूंवर बसून बूट काढायचा. मुद्दाम त्यांच्यावर बसायचा.

मला झोप कमीच असते, त्यात ही काळजी. काळजी कोहळ्याची नव्हती. कोहळं बाजारात मिळतं. पण हा बोळ गेला की मला परत टीव्हीपुढं बसावं लागणार होतं, आणि मग मी तिथंच बसून मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मरायची हरकत नाही, पण त्या बायकांच्या भांडणात नको.

भिंतीपलीकडे एक मुसलमान कुटुंब राहतं. नवरा गाद्या भरतो, आणि त्याच्या बायकोला सगळी गल्ली भाबी म्हणते. एक दिवस भाबीनं भिंतीवरून डोकं काढलं. “आजी, तुमारा कोहळा हमारे टिन पे आके बैठा है. रखूं, के देऊं?”

मी पिपा उलटा करून त्याच्यावर चढले आणि पलीकडे पाहिलं. वेलाची एक फांदी लुगड्याच्या खालून निसटून, भिंत ओलांडून तिच्या टिनावर, म्हणजे पत्र्याच्या छपरावर, गेली होती. आणि तिथं उन्हात, उघड्यावर, चांगलं मुठीएवढं कोहळं बसलेलं.

“याले कोणी बोट नाही दाखवलं?” मी विचारलं.

“बोट? आजी, हमारे पोट्टे इसको रोज गिनते. एक ही है, फिर भी गिनते.”

मी खाली उतरले आणि विचार करत उभी राहिले. एकच वेल, एकच मूळ, माती माझी, पाणी माझं. पडद्यातली फळं गळतात आणि उघड्यावरचं बसतं. तेवढ्यात फडफड ऐकू आली. एक काळा भुंगा लुगड्यावर बाहेरून डोकं आपटत होता. आपटायचा, मागे व्हायचा, थोडा वर जाऊन परत आपटायचा. त्याच्या पाठीवर पिवळी भुकटी होती, हळदीला जाऊन आल्यासारखी. मग तो कंटाळला आणि भाबीच्या टिनावर गेला.

मी कपाळावर हात मारला नाही, कारण ते टीव्हीतल्या बायका करतात. पण कळलं. आम्ही बोटं अडवली होती आणि त्याबरोबर नवरदेवाची वरातही फाटकातून परत पाठवली होती.

पडद्याच्या आधी फळं कशानं गळत होती, असं कोणी म्हणेल. तेव्हा पाऊस झडीचा होता, भुंगे बाहेर पडतच नव्हते. ते मला आता कळतं. तेव्हा बोट जवळ होतं, म्हणून बोटावर आलं.

लुगडं काढून टाकणं सोपं होतं. पण त्याचा अर्थ असा झाला असता की इहिणीच्या लुगड्यानं कोहळी मारली. ती बाई डोळ्याला पट्टी बांधून माझ्या दारात आलेली. तिच्या लेकीच्या हातचं मी रोज खाते. मी ठरवलं, लुगडं राहू द्यायचं आणि भुंग्याचं काम आपण करायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी लुगड्याआड शिरले. कोहळ्याची फुलं सकाळीच उघडतात आणि ऊन चढलं की मिटतात, त्यामुळे तीच वेळ. बुडाशी फळ नसलेलं एक फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या, मधली पिवळी दांडी राहिली. ती घेऊन फळवाल्या फुलांच्या तोंडात फिरवली. मग कारल्याची बारीक फुलं. त्यांना माझी बोटं जाड पडत होती. मनात म्हटलं, आता ही बोटं लागून सडलं तर सडू दे.

“कोन आहे तठी?” लुगड्याबाहेरून इहिणीचा आवाज.

“मी आहे.”

“काय करून राह्यल्या?”

खोटं सुचलं नाही. “लग्न लावून राह्यली.”

लुगडं बाजूला झालं आणि काळा चष्मा आत आला. इतक्या पहाटे चष्म्याची गरज नव्हती, पण तिला त्याची सवय लागली होती. तिनं माझ्या हातातली दांडी पाहिली, फूल पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पुढची तीन लग्नं.

“नवरदेव कोनता?” तिनं विचारलं.

“हा. माह्या हातात आहे तो.”

“अन् नवरी?”

“हे मोठं फूल. हिच्या बुडाशी लेकरू आहे ते पाहा. मूठ दाखवा, बोट नोको.”

इहिणीनं मूठ दाखवली आणि चष्मा वर करून जवळून पाहिलं. “लग्नाच्या आधीच?”

“कोहळ्यात असंच असते.”

“मंग लवकर उरका,” ती म्हणाली. “लोकं उठाच्या आत.”

त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज पहाटे लुगड्याआड. तिला वाकायचं नाही, म्हणून वरच्या फुलांची लग्नं तिच्याकडे आणि खालच्यांची माझ्याकडे. एकीकडे लावता लावता आम्ही आमच्या पोरांच्या लग्नातलं सगळं पुन्हा काढलं. पंगतीत जिलबी कमी पडली होती ती कोणाच्या हिशेबानं, आणि तिच्या दिराला टोपी का मिळाली नाही. समोरासमोर बसून हे बोललो असतो तर जड गेलं असतं. हातात फूल असलं की तेवढं जड जात नाही. ती म्हणाली, “टोपी तुमच्याकून द्याची राह्यली होती.” मी म्हटलं, “हाव, राह्यली होती.” मग पुढच्या फुलाकडे वळलो.

पोळ्याच्या आसपास कारली धरली. बोटाएवढी, खडबडीत, पाच-सहा. आणि कोहळं एक धरलं. बाकीची गेली, पण एक राहिलं. वायरीवर लोंबकळत वाढायला लागलं. वजनानं देठ ओढायला लागला तेव्हा भाबीनं गादीच्या खोळीचा एक मजबूत तुकडा दिला, निळ्या पट्ट्यांचा. त्याची झोळी करून दोन टोकं वायरीला बांधली आणि कोहळं आत ठेवलं. इहिणीनं जाता-येता झोळीला एक हलका झोका द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, “झोपलं आहे ते.” ती म्हणाली, “सवय आहे हाताले.”

इहीन सगळ्यांना सांगायची की पडदा लावला म्हणून धरलं. मी मान हलवायची. मुलगा सासूला म्हणायचा, “आत्या, एक लुगडं आमच्या गाडीलेही बांधा, अॅव्हरेज वाढते का पाहू.”

तिथपर्यंत ठीक होतं. पितरांचा पंधरवडा लागला आणि मुलानं मिस्त्रीला माप घ्यायला बोलावलं. मी म्हटलं, पित्र अजून व्हायचं आहे. तो म्हणाला, माप घ्यायला काय जाते. मिस्त्री टेप घेऊन आला, बोळात शिरला आणि म्हणाला, “हे लुगडे काहाले बांधले? वाळत नाही वाटते सावलीत.”

हे ऐकून इहीन खुर्चीवरून उठली. जावई पाहतो आहे, मिस्त्री पाहतो आहे, आपल्या लुगड्याला लोक वाळत घातलेलं समजतात. तिनं ते एका हातानं सर्रकन बाजूला केलं आणि दुसऱ्या हातानं झोळीकडे दाखवून म्हणाली, “वाळू नाही घातले. ते पाहा, तठी काय आहे.”

बोट सरळ. खांद्यापासून नखापर्यंत सरळ.

सून दारात हातातलं पीठ तसंच घेऊन उभी. इहिणीनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, जसं ते दुसऱ्या कोणाचं असावं. मग ते हळूच दाताखाली धरलं. मुलाच्या मिशीखाली जे चाललं होतं ते मला दिसत होतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. इहीन जेवणावरून उठून कोहळं पाहून यायची. देठ दाबून पाहायची, वास घ्यायची. तिचे थेंब संपले होते, जाता आलं असतं, पण ती गेली नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “इहीनबाई, हे सडलं त तुमचं वावर माह्या बोटानं जाईन.”

भाबीलाही खबर लागली. ती भिंतीवरून म्हणाली, “आजी, टिनवाला ले लो. जेवनेवाले कू क्या मालूम पडेगा?”

जेवणारा खरंच काही विचारणार नव्हता. बायकोच्या माहेरचं आहे का, शेजारणीच्या टिनावरचं आहे का, त्यानं जिवंतपणीही कधी विचारलं नाही. पण शब्द ह्या भिंतीचा झाला होता. मी म्हटलं, “ते तुह्या पोरायले करून घाल.” आणि इहिणीला म्हटलं, “सडत नाही ते. लग्न झालेल्याले बोट लागत नाही.” हे मी तिथल्या तिथं बनवलं. पण तिला पटलं, कारण तिनं लगेच रात्री पोटभर जेवण केलं.

दशमीला सकाळी मी विळीनं देठ कापला. कोहळं तांब्याएवढंच होतं, हिरवट, सालीवर पिवळी पट्टी नुकती धरलेली. सडकं नव्हतं. इहीन दोन्ही हातांनी ते घरात घेऊन गेली आणि येताना म्हणाली, “बोट वाकडंच होतं माहं तवा. म्हातारपनानं सरळ होतच नाही.” मी हो म्हटलं.

कोहळ्याची भाजी झाली, कारल्याची झाली, बाकी सगळं झालं. कावळ्याचा घास गच्चीवर ठेवला, तो आला आणि वडा घेऊन गेला. कारल्याला शिवला नाही. मुलगा म्हणाला, “बाबाच आहे.”

मग तो जेवायला बसला. कारलं खाल्लं, कोहळं खाल्लं, पाणी प्याला आणि म्हणाला, “कडू आहे. पन आहे. हारलो मी. उद्या टेम्पोवाल्याले फोन करतो, गट्टू घेऊन जा म्हनून.”

जिंकलेल्या माणसानं बोलू नये.

तेव्हा सून बोलली. आषाढापासून तिनं या भांडणात तोंड घातलं नव्हतं. फक्त स्टुलावर चढली होती. वाढता वाढता मला म्हणाली, “आत्याबाई, बाज भिंतीले आहे. पाईप भिंतीले आहे. पिपे फळीवर आहेत अन् कोहळं त गच्चीवर जाऊन राह्यलं. खाली काय आहे?”

“खाली मी चालते,” मी म्हटलं.

“मंग गट्टूवरून चाला. गाडीही खालीच राहते. ती काही भिंतीवर चढत नाही.”

आम्ही मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. जागा वाचवायला मी सगळं भिंतीवर चढवलं होतं, आणि वाचलेली जागा मला दिसली नव्हती. त्यालाही नव्हती. त्याला बोळ पाहिजे होता, मला वावर पाहिजे होतं, आणि बोळ खाली होता आणि वावर वर.

पण मी जिंकले होते, आणि जिंकून गट्टू घालून घ्यायचे हे मला पचत नव्हतं. म्हणाले, “वेलाची मुळं जमिनीत आहेत. भिंतीलगत एक हात माती सोडाची.”

“हात नाही,” तो म्हणाला, “वीत. हॅन्डल लागते.”

“एक हात.”

“आई, हारलो म्हटलं, प्लॉट नाही देल्ला तुले.”

“जवाईबापू,” इहीन म्हणाली, “एक हात द्या. मुळालेही पाय पसराले लागतात.” आणि त्याच्या ताटात अजून एक कारल्याची फोड वाढली. तो तिला नाही म्हणू शकत नव्हता, ना कारल्याला ना हाताला. इहिणीला नाही म्हणता येत नाही, हे जावयालाही लागू आहे.

दोन दिवसांनी मिस्त्री आला. त्यानं दोरी लावली आणि बोळात गट्टू बसवायला सुरुवात केली. मी भिंतीलगत खुर्ची टाकून बसले आणि माती जिथं संपायची होती तिथं पाय ठेवला. दुपारपर्यंत गट्टू माझ्या पायाशी आले.

“आजी, पाय काढा,” मिस्त्री म्हणाला. “एक ओळ बसते अजून.”

मी म्हटलं, “बसत नाही.”

त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं गाडी आत आणून लावून पाहिली. हॅन्डल कारल्याच्या बाजेला जरा घासलं, आरसा आत वळवावा लागला, पण बसली.

“बसते,” तो म्हणाला. “राहू दे तिचा पाय.”